आत्याला परत आणण्याच्या कामगिरीबाबत

प्रिय दादा, हे पत्र तुझ्या खांद्यावरून वाचणारी वहिनी, आणि ज्यांना ज्यांना आत्याने बोलणं अर्ध्यावर तोडून कामाला लावलं आहे अशा आपल्या घरच्या तमाम बंधुभगिनींनो,

सर्वांना नमस्कार. आपल्या सर्वांची तक्रार एकच आहे आणि ती आपल्या जन्माइतकी जुनी आहे: ही बाई कुणाचं ऐकत नाही. आपण शाळेत असताना ऐकलं नाही, आपले केस पिकल्यावरही ऐकत नाही. या अन्यायाविरुद्ध आवाज उठवायला तुम्ही मला पाठवलंत, त्याचा हा अहवाल. त्याआधी, दादा, तुझी तब्येत कशी आहे? स्वतःचा रक्तदाब मोजतोस, की अजून फक्त पेशंटांचाच? वहिनीची पाठ काय म्हणते? माझं म्हणशील तर प्रकृती उत्तम, आवाज खणखणीत, पाय दोन्ही जागेवर. (पुढचा मजकूर वाचताना एवढं ध्यानात असू दे.)

तू फोनवर म्हणाला होतास की त्र्याहत्तर वर्षांची आई, चौदा महिन्यांपूर्वी बदललेला डावा गुडघा आणि समुद्राकाठच्या त्या जुन्या प्रार्थनास्थळापर्यंतची साडेतीनशे किलोमीटरची पायवाट, तीही भर पावसात, हे मी होऊ देणार नाही. शुक्रवारी तू गाडी घेऊन येणार, आणि तोवर मी तिचं मन वळवून ठेवायचं. मी बोलले तर दगडालाही पाझर फुटेल, असंही तू म्हणालास. ते मला मान्य आहे. ज्या बाईने नगरपालिकेच्या दारात तीन तास उभं राहून वाचनालय वाचवलं, तिला एक आत्या म्हणजे काय? मी येताना बसमध्ये भाषणाचे तीन भाग पाडले, दोन दाखले पाठ केले आणि समारोपाला आवाज कुठे कापरा करायचा तेही ठरवलं.

सकाळी सहाला मी तिच्या मुक्कामाच्या विश्रामगृहात पोचले तेव्हा आत्या बाकावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. निम्म्याहून जास्त वाट तिने एकटीने संपवलेली, तरी बाई ताजीतवानी. शेजारी तिची पाठीवरची पिशवी उघडी होती. तुला ठाऊकच आहे, छत्तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं वेगळी करणारी बाई. तिच्या पिशवीतली प्रत्येक वस्तू आपापल्या प्लास्टिकच्या पाकिटात, सुतळीने बांधलेली आणि वर चिठ्ठी. एका पाकिटावर ‘मोजे, कोरडे’ आणि दुसऱ्यावर ‘मोजे, तात्पुरते कोरडे’. (मी आयुष्यात पुष्कळ विचारवंत वाचले. पावसाबद्दल इतका प्रामाणिक विचार कुठे वाचला नव्हता.) माझ्याकडे बघून ती आश्चर्यचकित वगैरे झाली नाही. त्याने पाठवलं ना तुला, एवढंच म्हणाली. मी बसून शांतपणे बोलू या असं सुचवलं, तर पिशवी पाठीवर चढवत तिने निकाल दिला, “बोल की. पण चालता चालता बोल. पुढचा मुक्काम एकोणीस किलोमीटरवर आहे. तेवढं भाषण आहे ना तुझ्याकडे?”

दादा, आव्हान स्वीकारणं हा माझा स्वभाव आहे आणि तिथेच घात झाला. तुला माझी पद्धत माहीत आहे. विरोधकाची बाजू आधी संपूर्ण, सजवून, त्याच्यापेक्षाही चांगली मांडायची आणि मग ती मुळापासून उपटायची. पूर्वपक्ष लेचापेचा ठेवून खंडन करणं म्हणजे पडलेल्या भिंतीला लाथ मारणं. म्हणून मी आधी चालण्याची बाजू घेतली. माणूस दोन पायांवर उभा का राहिला, इथपासून. चालणाऱ्याला कुणी मालक नसतो. वाट ही जगातली पहिली लिपी, आणि ती माणसांनी तळपायांनी लिहिली. म्हातारपण म्हणजे खुर्ची, असं ज्यांनी ठरवलं ते स्वतः खुर्ची सोडायला तयार नसतात, वगैरे. पाऊस धो धो पडत होता, दोन्ही बाजूंची शेतं पाण्याखाली होती आणि मला वरचा सूर लागला होता. त्यात श्रोत्यांकडे पाठ करून मी कधी बोललेली नाही. आत्या मागे, मी पुढे; तेव्हा मी तोंड तिच्याकडे करून उलटी चालत होते. (हसू नकोस. सभागृहात हेच केलं असतं तर तू टाळ्या वाजवल्या असत्यास.)

सहाव्या किलोमीटरला एक बसथांबा लागतो. तिथे एक गृहस्थ बसलेले, चष्म्याचे दुकानदार, दोन्ही टाचांना फोड, घरी जाणाऱ्या बसची वाट बघत. आम्ही समोरून गेलो तेव्हा मी ‘अर्ध्यातून परतणारा माणूस स्वतःच्याच दारात पाहुणा होतो’ या वाक्यावर होते. ते वाक्य मला तेव्हाच सुचलं आणि, खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. गृहस्थ उठले. चष्मा पुसला, पिशवी पाठीवर घेतली आणि आमच्यामागून लंगडत यायला लागले. मग आणखी एक जोडपं मिळालं. श्रोते वाढले तसा माझा पूर्वपक्षही वाढत गेला. नवव्या किलोमीटरला अखेर मी हात उंचावून ‘परंतु’ म्हणाले. इथून खंडन सुरू व्हायचं होतं. त्याच क्षणी मी मागच्या मागे कमरेइतक्या चरात गेले.

माझं खंडन, दादा, कुणीच ऐकलं नाही. चरातून मी दोन-तीन मुद्दे मांडले, पण पाण्यात बसलेल्या वक्त्याला वजन राहत नाही. आत्याने काठी पुढे केली, मला ओढून काढलं आणि पिशवीतून ‘मोजे, कोरडे’ हे पाकीट सोडून माझ्या हातात दिलं. तिच्याकडे तो एकच जोड उरला होता, हे मला नंतर कळलं.

पुढे ओढा लागला. दगडांवरून ओलांडायचा, आणि दगडांवरून पाणी वाहत होतं. जोडपं थांबलं, चष्मेवाले थांबले, आणि अनेक मोर्चांच्या अग्रभागी राहिलेली तुझी ही बहीणही थांबली. आत्या काठावर पाच मिनिटं नुसती उभी राहिली. पाणी चढतंय की उतरतंय ते बघत होती. एका दगडाचं टोक उघडं पडल्यावर म्हणाली, उतरतंय, डबा खाऊन घ्या. आम्ही मुकाट्याने डबे खाल्ले. अर्ध्या तासाने पाच दगड वर आले. मग तिने आम्हाला एकेकाला पलीकडे नेलं, आधी डावा पाय कुठे आणि मग काठी कुठे ते सांगत, काउंटरवर फॉर्म भरून घ्यावा तसं, न चिडता, प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून. दादा, मी धैर्यावर तासतासभर बोललेली बाई आहे. ते अर्धा तास गप्प उभं राहतं, हे माझ्या एकाही भाषणात आलेलं नाही.

चार वाजता मुक्कामाला पोचलो. इथली व्यवस्थापक बाई यात्रेकरूंच्या पुस्तिकेवर मुक्कामाचा शिक्का मारते. तो अस्पष्ट उठला. आत्याने शिक्का तिच्या हातातून घेतला, टाचणीने अक्षरांतली शाई कोरून काढली आणि मनगटाचा एकच ठोका दिला. बाईने आपणहून आधी आलेल्या यात्रेकरूंच्या सगळ्या पुस्तिका पुन्हा शिक्का मारून घ्यायला बाहेर काढल्या. इथवर दिवस आत्याचाच होता. मग बाईने तिचं वय बघितलं आणि एक कागद पुढे सरकवला. पुढे खिंड आहे. सत्तरीवरच्या माणसाला नवऱ्याची, बायकोची किंवा मुलाची मूळ सही असल्याशिवाय खिंडीत सोडत नाहीत. मी तावातावाने पुढे झाले, मी करते म्हणाले. बाई म्हणाली, भाची चालत नाही.

आत्याने कागद शेवटपर्यंत वाचला. मग तिने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या बाईला म्हणाली, “हा माझ्या मुलाने बसवलाय. स्वतःच्या हातांनी. पाच दगडांवरून गेला, हूं की चूं केलं नाही.” जोडपं म्हणालं की हे त्यांना ओढ्यापाशीही सांगून झालंय. चष्मेवाल्यांना चढावर सांगितलं होतं. एकोणीस किलोमीटर मी बोलत होते असा माझा समज होता. माझ्या पाठीमागे, म्हणजे माझ्या तोंडासमोर, ही बाई भेटेल त्याला तुझं कौतुक सांगत होती.

मी म्हटलं, मग माग ना त्याच्याकडे सही. तर म्हणाली, “नको गं. तो डॉक्टर म्हणून उत्तर देईल. शुक्रवारी गाडी येतेय ना, जाईन मी.” आणि कागदाची चौघडी करून पिशवीच्या तळाशी ठेवून दिला. त्यावर चिठ्ठी लिहिली नाही. दादा, ती आपलं ऐकायला तयार आहे. जन्मभर आपण ज्याच्यासाठी भांडलो ते मिळालंय, आणि मला ते बघवत नाही.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना पापे, आणि वहिनीच्या पाठीला शेक.

तुझीच मामेबहीण,
जिला तुम्ही तोफ म्हणता

ता. क. १: प्रकृती उत्तम असं वर लिहिलंय ते चरापर्यंतचं आहे. उजवा घोटा सुजून बूट आत जात नाही. आत्याने पाय गरम पाण्यात बुडवून ठेवलाय, म्हणून हे पत्र बादलीशेजारी बसून लिहितेय.

ता. क. २: वाचनालयाला कळव की माझं बुधवारचं ‘तीर्थयात्रा: एक निरर्थक दमणूक’ हे व्याख्यान रद्द. कारण विचारलं तर वक्त्या दमल्या आहेत म्हण.

ता. क. ३: आत्या ओले कपडे वाळत घालायला गेली तेवढ्यात मी तिची पिशवी उचकली. हा गुन्हा आहे आणि तो मी कबूल करते. तो कागद या पत्राच्याच पाकिटात आहे. डॉक्टरांचा शेरा लिहायला त्यात जागाच नाही, मी दोनदा बघितलं. ‘मुलगा’ लिहिलंय त्याच्यापुढे एक ओळ मोकळी आहे. हे मी शनिवारी लिहितेय; टपाल दोन दिवसांत पोचतं, हे मी आत्याला आडून विचारून घेतलंय, आणि खिंडीतून जाणारी यात्रेकरूंची तुकडी शुक्रवारी सकाळी सातला निघते. गाडीचं नंतर बघू. पेन काढ, त्या ओळीवर सही कर, आणि आजच्या टपालात टाक.