नळ सोडणं

दादा, नाही, आता तू गप्प बस. "आईचं नाव तिथे काढायचं नाही, गेलेल्या बाईला वेडी ठरवू नकोस," म्हणालास आणि फोन ठेवलास. मी तुझा शब्द पाळला.

मागच्या आठवड्यात समुपदेशनाला पहिल्यांदा गेले. वाटलं होतं, आडवं झोपवतील. तसं काही नाही. दोन खुर्च्या आणि मावशीसारख्या चष्मेवाल्या बाई. त्यांनी विचारलं, "रडू येतं?" मी म्हणाले, "दिवसातून दोनदा नळ सोडते."

तोंडातून निघून गेलं रे. आपल्या घरचाच शब्द. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडायची आणि तू म्हणायचास, "आज परत नळ सोडलाय, आपापलं वाढून घ्या."

बाईंना वाटलं, मी सारखे हात धुते. मग पाऊण तास जंतूंवर बोलल्या. मी मान डोलवत राहिले, कारण खरं सांगायला गेले असते तर बोलण्यात आई आलीच असती. आता घरी किती वेळा हात धुतले ते वहीत लिहिते. रडणं आहे तसंच आहे.

आज परत आलेय. बाहेर बसवून फॉर्म दिलाय. 'घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?' मी 'नाही' लिहिलं, तुझ्यासाठी. मग पेन थांबेना, म्हणून फॉर्मच्याच मागच्या कोऱ्या बाजूला तुला हे लिहीत बसले.

दार उघडलं. बाई फॉर्मसाठी हात पुढे करून उभ्या आहेत. खोडायला वेळ नाही, दादा. जाते.

तुझी,
नळ नंबर दोन