गौरीच्या फॉर्ममधला तो रकाना

प्रिय अक्का,

तू जाऊन चार महिने झाले. शोकसभेत तुझ्याबद्दल मी चांगलं दहा मिनिटं बोलले, आणि जे बोलायला हवं होतं ते सोडून सगळं बोलले. आज दुपारी वकीलबाईंचा फोन आला. रेखाला पुन्हा जामीन मिळतोय, पण कोर्टाला पुण्यात राहणारा जामीनदार हवाय. रेखाने नाव दिलंय माझं! फोन ठेवला आणि आधी हा कागद ओढला. तुझी धाकटी बहीण काय लायकीची आहे, हे तुला तरी कळायला हवं.

भावोजी गेल्यावर तू वाघोलीचं घर भाड्याने देशील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तू तिथे जामिनावर सुटलेल्या बायका आणल्यास, लेकरांसकट. "तुरुंगात पोरं वाढवण्यापेक्षा इथे राहून खटला लढू देत की," म्हणालीस. "अगं, पण शेजारी काय म्हणतील?" असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "म्हणू देत. त्यांना तरी दुसरा काय उद्योग आहे?" झालं, चर्चा संपली!

मी शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली, म्हणून कागदपत्रं माझ्या गळ्यात आली. मंगळवारी आणि शुक्रवारी नारायण पेठेतून बस बदलत यायचे. पहिल्याच दिवशी मी काय केलं, आठवतं? यादी हातात घेऊन खणखणीत आवाजात नावं पुकारली. चौघीजणी हातातलं काम टाकून आल्या आणि जोडी-जोडीने उकिडव्या बसल्या, माना खाली घालून. आत मोजणीला तसं बसवतात, हे मला काय माहीत? तू ती यादी माझ्या हातातून काढून घेतलीस. "उठा गं, चहा झालाय," त्यांना म्हणालीस. मला स्वयंपाकघरात नेऊन सुनावलंस, "इथे हजेरी नाही. कोणी काय केलं हे विचारायचं नाही. जेवलीस का, एवढं विचारलंस तरी पुष्कळ."

रेखा चंद्रपूरकडची. तिची गौरी तुरुंगातच चालायला शिकली. मूल सहा वर्षांचं झालं की आईजवळ ठेवत नाहीत, म्हणून त्याआधी रेखाला जामीन मिळावा यासाठी तू कोर्टाचे किती खेटे घातलेस! त्या दोघी मायलेकी तुझ्या दारात उतरल्या तेव्हा गौरीला सहा पूर्ण व्हायला दोन महिने राहिले होते.

मग तिच्या शाळेचा फॉर्म आला. तू मला बजावलं होतंस, "पत्ता इथला घाल. आधीचं काही लिहू नकोस." फॉर्मवर 'यापूर्वीचे वास्तव्य' असा रकाना होता. अक्का, तो मला रिकामा सोडवेना! जन्मभर पालकांचे अर्धवट फॉर्म खिडकीतून परत फेकले होते मी. आडवी रेघ मारली असती तरी भागलं असतं. पण मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कारागृह, महिला विभाग'. वर स्वतःलाच शाबासकी दिली.

आठवड्याभरात ते वर्गातल्या मुलांच्या आयांपर्यंत पोचलं. डबा खाताना गौरीशेजारी कोणी बसेना. घरी येऊन तिने विचारलं, "आई, आपन खराब आहो का?"

रेखा बाहेर येऊन आपल्या सगळ्यांकडे बघत म्हणाली, "कोनं सांगतलं जी?" मी फाइल मांडीवर घेऊन बसले होते. आणि मी काय बोलले? "शाळेच्या क्लार्कनेच कुठून तरी शोधून काढलं असेल." एक रकाना रिकामा सोडायला नको म्हणणारी मी, तुझ्यासमोर धडधडीत खोटं बोलले!

दुसऱ्या दिवशी रेखा पोरीला घेऊन निघून गेली. तिला वाटलं, आता मुलीला हिसकावून नेतील. कोर्टाची अट त्याच घरात राहायची होती. तारीख चुकली, वॉरंट निघालं, रेखा पुन्हा आत गेली. गौरीला तोवर सहा वर्षं पूर्ण झाली होती. तिला बालगृहात पाठवलं.

तू शाळेत जाऊन त्या क्लार्कला फैलावर घेतलंस, तेव्हा मी शेजारी उभी होते. "अहो बाई, फॉर्म बघा तरी," म्हणत तो कपाटाकडे वळला, आणि मी तुझा दंड धरला. "चल अक्का, ऊन वाढतंय." लाज वाटते गं लिहितानासुद्धा.

पण तूही कमाल केलीस! मला कधीच का नाही विचारलंस? तुझा तो न विचारायचा नियम मलाही लावलास का? शेवटच्या आजारपणात दोनदा म्हणालीस, "शालू, काही बोलायचंय का?" मी म्हणाले, "आधी औषध घे." तुला कळलं होतं का अक्का?

रेखाने माझंच नाव का दिलं, ते वकीलबाईंनी सांगितलं. म्हणाली, "त्या फॉर्मवाल्या बाई खोट्या नाहीत जी."

ते ऐकून वाटलं, आधी तुरुंगात जाऊन तिला भेटावं, सगळं कबूल करावं आणि मगच सही करावी. मग तू काय म्हणाली असतीस ते मनात आलं. तिने रागाने माझं नाव मागे घेतलं, तर दुसरा जामीनदार कुठून आणणार? मला हलकं वाटावं म्हणून गौरीने आणखी किती दिवस आईवाचून काढायचे? मागेही मी माझा खरेपणा त्यांच्या जिवावर मिरवला होताच.

म्हणून तुला शब्द देते. सोमवारी कोर्टात सही करेन. त्याआधी शाळेत जाऊन त्या क्लार्कची माफी मागेन. त्यासाठी रेखाची सुटका अडत नाही. घर मी चालू ठेवलंय, दोघी आहेत तिथे. रेखा येईल, गौरीलाही आणू. मायलेकी चार दिवस नीट जेवल्या-झोपल्या, की रेखासमोर बसून सांगेन की ते मी लिहिलं होतं, आणि तुझ्यापासूनही लपवलं होतं. ती म्हणाली, "निघा इथून," तर निघेन. जामीन मात्र मागे घेणार नाही.

तुझी,
शालू