पुंगळी आणि पान्हा

शिरूर,
ता. १६ जानेवारी २०२५

प्रभूची स्तुती असो.

ती. बन्यामीनदादास,
धाकट्या लिडियाचा सलाम वि. वि.

तू एसटीने पाठवलेली गोणी काल पोचली. आत बाजरी पाच किलो, शेंगदाणे दोन किलो, फेथवहिनींची जवसाची चटणी एक बरणी आणि तुझा जुना स्वेटर, एवढं निघालं. पार्सलचे ऐंशी तू भरलेस, स्टँडपासून रिक्षाचे तीस मी दिले. तो पन्नास मागत होता. मी गोणी डोक्यावर घ्यायला वाकले तेव्हा तिसावर आला. चटणीचं तेल स्वेटरला लागलं होतं, सोडा घालून काढलं आणि टोनीला दिला, मामाचा म्हणून खुशीत आहे.

फोन का करत नाही म्हणून वहिनी रागावतील. पण रेल्वेच्या शेडातल्या इंजिनांनी तुझे कान नेले. मी इकडून ओरडायचं, तू तिकडून काय काय करायचं आणि मधल्या मधे आमच्या गल्लीने सगळं ऐकायचं, त्यापेक्षा पत्र बरं. घरात सगळे ठीक. टोनीची सणसवाडीला कारखान्यात पहिली पाळी आहे. तू दिलेल्या गाडीनेच पहाटे साडेपाचला निघतो. गाडी चांगली आहे.

एक विचारायचं होतं. आमच्या ओळखीतल्या एकांच्या मुलाने गाडीची मागची धुराची पुंगळी बदलून घेतली आहे. गाडी चालू केली की मांडणीवरची भांडी नाचतात. माणसं गरीब आहेत. थोडक्यात आवाज बसवता येतो का, ते लिही.

इथे दुधाचा त्रास सुरू झाला आहे. भिंतीपलीकडच्या सारजाबाई तुला ठाऊक आहेत, सत्तरीच्या, एकटीने एक म्हैस सांभाळतात. नाताळापासून त्यांचं दूध कमी येतं. परवा मी स्पष्टच सांगितलं की बाई, तुमच्या मापाला पोचा आहे, आणि महिन्याच्या बिलातून तेवढं कापलं. गल्लीतल्या चार बायका ऐकत होत्या. सारजाबाई माप उचलून आत गेल्या. घर चालवायचं तर कधी कधी तोंड वाईट करावं लागतं.

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
लिडिया

---

दौंड,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. सौ. लिडियास,
बन्यामीनचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. मला त्या रिक्षावाल्याची फार दया आली. त्याला पुन्हा भेटलीस तर सांग की तिच्या भावाने पन्नास वर्षं सोसलंय.

तुझ्या ओळखीतल्या गरीब माणसांना माझा सलाम दे. त्यांची गाडी पांढरी आहे का, आणि मागच्या दाराला रेल्वे कॉलनीच्या गेटवर माझ्या हातून बसलेला पोचा आहे का, तेवढं बघून कळव. पोचे शोधण्यात तू हुशार आहेस.

आता आवाजाचं. गाडीखाली सायलेन्सरचा डबा असतो. त्याच्या आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि पडदे असतात. धूर त्यातून वळसे घेत जातो आणि आवाज तिथेच दमतो. टोनीने, चुकलो, त्या मुलाने डबा काढून सरळ नळी लावली असणार. आवाजाला वाटेत काहीतरी आडवं यायला हवं, एवढंच त्याचं शास्त्र. जुना डबा घरात असेल तर तोच परत बसवायचा. मजुरीत काम होतं.

दुधाचं म्हणशील तर माप तपासण्याआधी म्हैस तपासायची होतीस. इनामगावला आईची म्हैस आठव. शेजारी लग्नाचा बँड वाजला तर दोन दोन दिवस पान्हा चोरायची. आई कास चोळायची, तिच्याशी लाडाने बोलायची, पण थेंब सोडायची नाही. जनावर दचकलं की असंच करतं. सारजाबाई पहाटे धार किती वाजता काढतात? आणि ती गरीब माणसं गाडी किती वाजता चालू करतात?

फेथ म्हणते स्वेटर टोनीसाठी नव्हता, तुझ्या यजमानांसाठी होता.

आठवण ठेवतेस तशी ठेव, फक्त खरं लिहीत जा.

तुझा दादा

---

शिरूर,
ता. २९ जानेवारी २०२५

ती. दादास,
लिडियाचा सलाम. मान खाली घालून लिहिते आहे.

गाडी पांढरी आहे. पोचाही आहे.

टोनीने नाताळाआधी एका गॅरेजात डबा काढला, भंगारात विकला आणि त्या पैशातून ती नळी बसवून घेतली. मला सर्व्हिसिंग म्हणून सांगितलं. गाडी देताना तू बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली होतीस आणि मी मोठ्याने आमेन म्हटलं होतं. तीच गाडी आता चर्चच्या रस्त्याने गेली की पाळकसाहेब वाचन थांबवतात आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघते. मी टोनीला दहा वेळा सांगितलं. तो म्हणतो, मामाला आवडते. काहीही बोलतो. घरातल्या यांना सांगितलं तर हे पेपर आणखी वर धरतात.

तुझा शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसाच परातीत राहिला. सारजाबाई साडेपाचला धार काढतात. टोनी साडेपाचला गाडी चालू करतो. मधे भिंत एकच.

त्याच क्षणी उठून जायला हवं होतं. नाही गेले. कापलेले पैसे परत करावे लागतील हे मनात आलं, खोटं कशाला लिहू. पैशापेक्षा त्या चार बायका आल्या मनात. म्हटलं, आधी आवाज बंद करू, मग दूध आपोआप येईल आणि कुणाला काही सांगायला नको.

गॅरेजवाल्याने नव्या डब्याचे साडेआठ हजार सांगितले. तू लिहिलं होतंस की वाटेत काहीतरी आडवं यायला हवं. मिक्सरखाली टॉवेल घातला की आवाज कमी होतो, हे माझं रोजचं आहे. कापड जळेल म्हणून भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आणल्या, दहाला एक. गाडी दारात उभी असताना लाटण्याने त्या पुंगळीत ठोकून बसवल्या. टोनीलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आधी घुसमटली. टोनीने जोरात रेस केली. दोन बार झाले, आणि घासण्या निखाऱ्यासारख्या लाल होऊन गल्लीत उडाल्या. एक गोठ्याच्या उघड्या तोंडातून आत गेली. म्हशीने दावं तोडलं, बादली लवंडली, सारजाबाई शेणात बसल्या. लागलं नाही, एवढी देवाची कृपा. टोनी पाळीला उशीर होतो म्हणून मागे न बघता निघून गेला.

पुढचं लिहायला हात होत नाही. सारजाबाईंना गोठ्यात जळक्या तारेचा गोळा सापडला. असली वस्तू त्यांनी कधी पाहिलेली नाही. त्या राखेनेच भांडी घासतात. त्यांनी ठरवलं की कुणीतरी करणी केली. त्या गोळ्यावर हळदकुंकू वाहिलं, लिंबू उतरवलं आणि नेऊन घोडनदीत सोडलं. बायका बघत होत्या आणि त्यांच्यात मीही उभी होते. दारावरच्या लिंबू-मिरचीला मी जन्मभर नाक मुरडत आले. त्या दिवशी मुरडायला नाकच उरलं नव्हतं. माझ्या दहा रुपयांच्या घासणीची पूजा झाली आणि मी चकार शब्द काढला नाही.

आता म्हैस त्यांना कासेला हातच लावू देत नाही. त्या सगळ्यांना सांगतात की आता माजा हात गेला, त्याला गुण राहिला न्हाई, लिडियाबाईनं माप काढलं त्ये उगं न्हवं. म्हैस विकायची म्हणून एका व्यापाऱ्याकडून त्यांनी आगाऊ विसार घेतला आहे. आठ तारखेच्या शनिवारी तो म्हैस नेणार. दूध देत नाही म्हणून अर्ध्या भावात. ती गेली की त्यांच्याकडे दुसरं काही नाही.

दादा, दौंडच्या भंगारात तसा डबा मिळतो का बघ आणि मिळेल त्या गाडीने पाठव. आवाज थांबला आणि शनिवारच्या आत म्हशीने पान्हा सोडला, तर मला तोंड उघडावं लागणार नाही. असं लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

या पत्रानंतर जेवढा जीव उरेल तेवढा लाव.

लिडिया

---

दौंड,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. लिडियास,
आशीर्वाद वि. वि.

डबा मिळाला. अपघातात चेपलेल्या तसल्याच गाडीचा. भंगारवाला नऊशे म्हणत होता, सातशेला घेतला. भाव करताना तुझं नाव मनात घेतलं. तळाला गंजून भोक पडलं होतं, ते वेल्डिंग करून घेतलं. सोबत पट्ट्या आणि जोडाला लावायची पेस्ट ठेवली आहे. जोडातून धूर सुटला तर डबा असून नसल्यासारखा, हे गॅरेजवाल्याला सांग.

पण हे मी एसटीच्या पार्सलात घालणार नाही. टोनीने रजा टाकावी, गाडी घरी ठेवावी आणि बसने येऊन डबा खांद्यावर घेऊन जावा.

घासण्यांचं वाचून फेथ आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसत बसली. मी हसलो नाही, त्याचं कारण सांगतो. टोनी काहीही बोलत नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन इथे आला होता. मी अंगणात शेंगा निवडत होतो, पाठ गेटकडे. आणि मला गाडी ऐकू आली, लिडिया. इंजिनाची शिट्टीसुद्धा आता मला धड ऐकू येत नाही. कॉलनीतल्या बायकांनी कानात बोटं घातली, फेथ ओरडली असणार, कारण तिचं तोंड उघडं होतं. मी मात्र पोरासारखा गाडीभोवती फिरलो. डबा काढलाय हे मला वाकून न बघता कळलं. तरी मी टोनीच्या पाठीवर थाप मारून म्हणालो की बाळा, आता हिला हात लावू नको, अशीच ठेव.

मागच्या पत्रात मी तुझी थट्टा केली आणि हे लपवलं. दोष पोराचा एकट्याचा नाही आणि तुझाही नाही. पण सारजाबाईंकडे जायचं आहे तुलाच, कारण मापाचं बोललीस तू. डबा शनिवारच्या आत बसेल. म्हैस शनिवारच्या आत विसरणार नाही. जनावराला वेळ लागतो. डब्याच्या आड लपू नको.

मी आलो असतो, पण मला त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही आणि हे ऐकायलाच हवं असं बोलणं आहे.

बहीण म्हणून हट्टी आहेस, तशीच राहा, पण या आठवड्यापुरती नको.

दादा

---

शिरूर,
ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
लिडियाचा सलाम वि. वि.

डबा पोचला. गुरुवारी टोनी तो मांडीवर घेऊन बसमधून आला. कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट फाडलं. स्टँडवर त्याचे मित्र भेटले, त्यांनी विचारलं की टोन्या, गाडी विकून नुसता सायलेन्सर ठेवला का. घरी येईपर्यंत कान लाल होते. तू त्याला काय सांगितलंस ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाला की मामा रडला.

बसवण्याचे साडेतीनशे गेले, ते त्याने स्वतः दिले. गाडी अगदी गप्प नाही झाली, जरा गुरगुरते. तरी तो रोज ती ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेतो आणि तिथे चालू करतो. मी सांगितलेलं नाही.

शुक्रवारी पहाटे मी भिंतीला कान लावून उभी होते. सारजाबाई म्हशीशी बोलत होत्या, बाय माजी, सोन्या माजे म्हणत होत्या. धारेचा आवाज आला नाही. तुझं खरं झालं. तरीही मी त्या दिवशी गेले नाही.

शनिवारी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. फळी लावली, म्हैस चढेना. सारजाबाईंनी तिच्या गळ्यातली घंटी सोडून घेतली, आणि ती त्यांच्या हातात वाजली तेव्हा मी होते तशी, ओल्या हातांनी, गल्लीत उतरले. आधी नीट मांडून ठेवलेलं काहीच आठवलं नाही. एवढंच सांगितलं की ती करणी नव्हे, माझी घासणी होती. गाडी माझ्या पोराची. माप बरोबर होतं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. त्या चार बायका होत्याच, आणखी चार जमल्या होत्या.

व्यापारी हसला. म्हणाला, म्हातारे, ही बाई किमतीसाठी नाटक करते. सारजाबाईंनी त्याला हाताने गप्प केलं. मला एकच विचारलं की बाई, माप काढलं तवा तुमास्नी ठाव हुतं का. मी म्हटलं, तेव्हा नव्हतं, पण पुढे आठवड्याभरात कळलं. त्यांनी घंटी खाली ठेवली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मग म्हणाल्या की मी रोज रातीला या हातास्नी तेल गरम करून चोळीत बसले, देवाला विचारीत बसले की माजा गुण का नेलास, आन् तुम्ही भिंतीपल्याड निजला व्हता.

दादा, शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

सारजाबाईंनी म्हैस फळीपासून वळवून गोठ्यात नेली. विसार परत केला. व्यापारी खेपेचं भाडं मागत होता, ते मी दिलं. कापलेले पैसे मी त्यांच्या ओट्यावर ठेवले. संध्याकाळपर्यंत तसेच होते, सकाळी दिसले नाहीत.

आज पहाटे पहिल्यांदा धार ऐकू आली. थोडीच, तुटक. मी किटली घेऊन गेले. वाटलं होतं, दूध नाही म्हणतील. त्यांनी बादली पुढे ठेवली, माप माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मी मोजून घेतलं. म्हशीने माझ्याकडे पाहिलं, त्यांनी नाही. उद्याही असंच करायचं आहे, हे मला न सांगता कळलं.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. दोन तारखेला चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट आमच्या बाकापाशी आलं तेव्हा मी दाढ दुखते अशी खूण करून ते पुढे सरकवलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पुन्हा येईल. शेजाऱ्याशी समेट करून मग ये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं. मी कबूल केलं, पैसे दिले, दूधही सुरू आहे. पण त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि बोला म्हणायची मला हिंमत नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर ते दयाळूपणाने हो म्हणतील, म्हणून विचारत नाही. तू माझी भीड धरणार नाहीस. याला समेट म्हणायचं का? मी त्या ताटाकडे हात पुढे करू की नको? त्या रविवारच्या आत, उलट टपाली कळव.

तुझी,
लिडिया