फ्लेक्सवरची वर्दी

हर्षलदादा,

नमस्कार लिहिला होता, पण खोडला.

युद्धात सैनिकाइनं ज्या बायाइवर बलात्कार केले, त्याइच्या मदतीसाठी पैसे गोळा कराले मी हिमालयातलं शिखर चढली. अन् तू जळगाव जामोदच्या बसस्टँडवर फ्लेक्स लावला, 'जवानांच्या मदतीसाठी शिखर सर करणारी आमची सुचिता'! बाजूले बंदूकवाला जवान, खाली शुभेच्छुक म्हणून तुह्यासकट अकरा माणसं.

काऊन दादा? विचारलं तं तू म्हणे, "चौकात तो शब्द कसा लिहाव? लाज वाटते." शब्दाची लाज वाटली तुले, करणाऱ्याची नाही. त्या बायाइले छळणारे वर्दीतलेच होते, अन् तू वर्दीच छापली!

काल आपली विमलमावशी आईसोबत भाजी निवडत होती. आई पाणी आणाले उठली, तसं मावशीनं मले हळूच विचारलं, "त्या बायाइले घरच्याइनं परत घरात घेतलं काय वं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलली. सगळ्याइले नाही घेतलं.

मावशीनं ते कोणासाठी विचारलं, हे तुले कळलं, तर तू तिलेही एखाद्या फ्लेक्सच्या मागं लपवशील. म्हणून हे पत्र तुले धाडत नाही.

फ्लेक्स फाडून आलेली तुही बहीण,
सुचिता