डिंप्ना कल्हेन माझी बहीण नसल्याबाबत

प्रति,
मा. निबंधक,
सर्किट न्यायालय, ड्रमकारा.

विषय: डिंप्ना कल्हेन ही माझी बहीण नसल्याची नोंद घेऊन आमच्या नागरी भागीदारीस तीन महिन्यांच्या मुदतीतून सूट मिळणेबाबत.

संदर्भ: आपले दि. २ मार्च २०११ चे पत्र.

महोदय,

१. घोटाळा झाला तो २००९ साली. आमचे खासदार श्री. लोर्कन टूहिग हे माझ्याच हाताखाली शाळेत शिकलेले. डब्लिनच्या सभागृहात सकाळी फक्त 'अमुक विधेयक कधी येणार' एवढेच विचारता येते. त्यांनी एका दमात तीन विचारली: बँकवाल्यांना जाब विचारणारे, आजाऱ्यांना घरी मदतनीस देणारे आणि आमच्यासारख्या दोघी बायकांना कायद्याने जोडीदार मानणारे. दुसऱ्याच्या ओघात ते म्हणाले, "माझ्या मतदारसंघात दोन वृद्ध बहिणी आहेत, एक अंथरुणाला खिळलेली." सभापतींनी घंटी वाजवली. उत्तर आले की पहिल्याचा विचार चालू आहे, दुसऱ्याची तारीख सांगता येत नाही, तिसरे लवकरच.

शनिवारी ते घरी आले तेव्हा मी विचारले, "लोर्कन, बहिणी?"

"बाई, घंटी वाजत होती. आणि सगळं गाव तेच म्हणतं."

"गाव चहा पिताना म्हणतं. तू सभागृहाच्या कामकाजात छापून आणलंस."

"मग पुसून आणू?"

आतल्या खोलीतून डिंप्ना म्हणाली, "राहू दे गं. सोमवारपासून बर्नी यायचीय."

२. बर्नी म्हणजे खासदारांच्या त्या वाक्यावरून शुश्रूषा कार्यालयाने दिलेली मदतनीस. ती आली, म्हणून आम्ही दुरुस्ती मागितली नाही. ही चूक आमची. आडनावे वेगळी का, असे त्या कार्यालयाने विचारले तेव्हा खासदारांच्या कारकुनाने "आई एक, वडील दोन" असे सांगून टाकले. माझी आई तोवर वारली होती, हे बरे झाले.

३. आपण लिहिता की सावत्र बहिणींनाही भागीदारी करता येत नाही. आधी शुश्रूषा कार्यालयाची नोंद बदलून आणा. ते कार्यालय म्हणते की दुरुस्ती रुग्णाने समक्ष येऊन किंवा जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाने मागावी. कागदोपत्री तो नातेवाईक मीच आहे. म्हणजे मी बहीण नाही असा अर्ज मी बहीण म्हणून करायचा. माझे वय चौऱ्याहत्तर आहे. या दोन कार्यालयांत मी सहा वेळा बस बदलून गेले.

४. माझा जन्म जानेवारी १९३७ चा, तिचा त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. एका आईला हे जमणार नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये ती टपाल कचेरीत टेलिफोनवर रुजू झाली आणि माझी वरची खोली तिने भाड्याने घेतली. त्या हिवाळ्यात जळण ओले निघाले. एकच चूल पेटवायची म्हणून दोघी स्वयंपाकघरात बसू लागलो. वरची खोली तेव्हापासून रिकामी आहे.

५. श्री. टूहिग गेल्या महिन्यात निवडणूक हरले. आता भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात. प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत. बर्नी लेकीकडे पर्थला गेली. डिंप्ना जानेवारीपासून शुश्रूषागृहात आहे. डॉक्टर ईस्टरपर्यंतचे, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंतचे बोलतात. आपली मुदत जूनमध्ये संपते. डिंप्ना डाव्या हाताने अजून सही करू शकते.

६. शुश्रूषागृहात भेटीची वेळ संपल्यावर फक्त नातेवाइकांना बसू देतात. दाराशी वही असते, तिच्यात नाते लिहावे लागते. मी रोज 'बहीण' लिहिते. आपला आदेश येईपर्यंत मला तेच लिहावे लागेल. ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून धरू नये, ही विनंती.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
आपली नम्र,
अ‍ॅट्रॅक्टा हेशन
(निवृत्त शिक्षिका)
दि. १४ मार्च २०११

सोबत: जन्मदाखले दोन, सभागृहाच्या कामकाजाचे एक पान, डॉक्टरांचे पत्र.