चिंचेची साक्ष

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कुरुंदवाड, ४ मे २०२५

चि. शांभवीस अव्वाचे अनेक आशीर्वाद.

तुझं गाठोडं पोचलं: दोन चादरी, पुस्तकं, प्रयोगशाळेचा पांढरा कोट. एसटीचे साठ रुपये झाले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

कोटाला मासळीचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. हॉस्टेलात राहून मासे खाल्लेस, बाटलीस, गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेव, असं फोनवर बोलून गेले. वास प्रयोगाचा आहे, आंबटानं जातो, असं तू सांगत होतीस की! मी ऐकलं कुठं? मग कोट चिंचेच्या पाण्यात भिजवला. मासळीचा वास साफ गेला, एक फुलासारखा तेवढा राहिला. म्हणजे तुझंच खरं. तुझे आप्पा म्हणाले, पोटच्या पोरीपेक्षा हिचा चिंचेवर भरवसा! फार लाज वाटली गं. रागाव, पण घरी ये.

तुझी अव्वा

कोल्हापूर, ७ मे २०२५

ती. अव्वास शि. सा. नमस्कार.

नायट्रोजनच्या पदार्थांत आम्लाला कोण जास्त धरतं, ते आम्ही प्रयोगात ताडून बघत होतो. नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ट्रायमिथिलअमाइन ती आम्लाला सहज देतं, म्हणून चिंचेनं त्याचा मासळीसारखा वास गेला. डायफिनाइलअमाइनमध्ये शेजारची बेंझिनची दोन कडी ती जोडी ओढून घेतात. ते चिंचेला दाद देत नाही. फुलासारखा वास त्याचा.

पण अव्वा, शिळ्या माशाचा वासही ट्रायमिथिलअमाइनचाच. मासे करणाऱ्या घरांत मासा चिंचेनं धुतात. आपल्याकडं हे कुणाला ठाऊक असणार? मी मासा खाल्ला असता, तरी वास असाच गेला असता. गप्प बसले असते तर सुटले असते, पण तसं सुटायचं नाही मला. मी खाल्लेला नाही. माझ्यापाशी एवढा शब्दच आहे. तू म्हणालीस म्हणून लिंग डबीत ठेवलंय. शब्द पुरत नसेल तर ते तिथंच राहील.

आप्पांना नमस्कार.

शांभवी

कुरुंदवाड, १० मे २०२५

चि. शांभवीस अनेक आशीर्वाद.

पत्र आप्पा मोठ्यानं वाचत होते. डबीच्या ओळीशी आले आणि त्यांनी पत्र माझ्या हाती दिलं. बारशाआधी स्वामींनी बांधलेलं लिंग तू माझ्या एका शब्दावर उतरवलंस, आणि तुझ्या शब्दाला मी पुरावा शोधत बसले. पुरावा गेला, बरं झालं. तुझा शब्द पुरे. काढ म्हणणारी मीच, आता घाल म्हणतेय.

सकाळी पूजेला बसले, पण माझं लिंग तळहातावर घ्यायला हात पुढं होईना. तू घातल्याचं कळल्याशिवाय माझ्याच्यानं व्हायचं नाही. आवाज ऐकला तर रडू येईल, म्हणून फोन नको. उलट टपाली दोन ओळी धाड.

तुझी चुकलेली अव्वा