बाजूने येणारा चोर

ता. ३ जून

चि. टिल्लूस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

नर्सिंगच्या परीक्षेत डोळे तपासायचेत, म्हणून माझ्याही डोळ्यांचे हालहवाल विचारलेस. ऐक. बुबुळाभोवती करडं कडं आलंय, तुझे काका 'मांजर' म्हणून चिडवतात. बाकी नजर ठणठणीत, सुईत दोरा पहिल्या फटक्यात!

पण काय सांगू, तुझे काका म्हातारपणी चोर झालेत. जन्मभर रमीत हरलेला माणूस हल्ली रोज जिंकतोय. बाजूने असा गुपचूप येतो की माझ्या हातची कपबशी सुटते. दाराच्या चौकटीही मेल्या पुढे सरकल्यात, खांदा काळानिळा झालाय.

काळजी नसावी, चौकशी असावी.

तुझी मावशी

ता. ८ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

कडं वयाचं आहे, अगदी नॉर्मल. मांजरीने खुशाल मिरवावं. मला शंका आहे ती त्या चौकटींची आणि काकांच्या चोरीची.

एक कर. दोघं समोरासमोर बसा. तू डावा डोळा झाक, काकांनी उजवा. एकमेकांच्या उघड्या डोळ्याकडेच बघायचं. मग काकांनी दोघांपासून सारख्याच अंतरावर, पण बाजूला लांब बोट धरून हळूहळू आत आणायचं. दोघांना एकदम दिसलं तर ठीक. मग दुसरा डोळा. तुला उशिरा दिसलं तर ते नॉर्मल नाही, तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. थट्टेत लिहितेय, पण मला भीती वाटतेय गं.

काकांना नमस्कार, आणि डोळे वटारून एकदा बघ त्यांच्याकडे. माया असू दे.

तुझी टिल्लू

ता. २० जून

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

बोट पार नाकापाशी येईपर्यंत मला दिसेना. आधी हे म्हणाले, नाटकं पुरे. दुसऱ्या डोळ्यालाही तेच झालं तेव्हा पत्ते चोरल्याचं कबूल केलं. आपला हातच सफाईचा आहे, असं वाटायचं म्हणे!

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखू. अजून उशीर केला असतात तर, असंही म्हणाले. मी रडले, हे माझ्याहून जास्त रडले. आता थेंब हेच घालतात, निम्मे गालावर.

काल पुन्हा रमी मांडली. यांनी गड्डीला हात घातला आणि मी मनगट पकडलं! केवढी मिरवले मी. मग लक्षात आलं, पत्ता यांनी थेट माझ्या नाकासमोरून उचलला होता.

मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस.

पास हो, आणि अशीच संशयी राहा.

तुझी मावशी